कुंपणाबाहेरचा बन्सी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १९ मार्च २०२५

अक्का,

सलाम मागून घालते, आधी हे ऐक. पहिल्यांदा आल्या त्या बाई. त्यांच्या मागून कोटवाले बाबा. काल दुपारी नळाला पाणी आलं होतं, आठ दिवसांनी, आणि मी बादल्या, पातेली, मोनिकाचं लहानपणचं न्हाणीचं टप, जे सापडंल ते भरत होते. पदर ओला, हात ओले, आणि दारात पाहुणे. दुसरी कुणी असती तर कपाळावर आठ्या आल्या असत्या. मला लई बरं वाटलं. अभय आणि सूनबाई कामाला, मोनिका तिच्या बँकेत, दिवसभर माझ्याशी बोलायला एक तो कूलर. तो बी नुसताच घरघरतो.

"सलाम द्वारका," बाई म्हणाल्या. माझं नाव ठाऊक. मी म्हटलं, मावशी माफ करा, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय, तुम्हाला वळखलं नाय. तर म्हणाल्या, तू नायच वळखायची, तुझी अक्का वळखंल. आम्ही वाडीहून आलो.

वाडीचं नाव ऐकल्यावर मला काय सुचंना. गादीवरची चादर बदलली, मोनिकाच्या खोलीतला चांगला पंखा आणून लावला. पण अक्का, तो लागंना. कूलर बी बंद पडला. लाइट गेली म्हणावं तर फ्रिज चालू. आणि घर असं गार झालं, जसं माठात डोकं घालून बसावं. मी म्हटलं चला, पाहुण्यांचा पायगुण. दोघं ताठ बसले, पाठ टेकली नाय. चहा केला, आलं घालून. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मागून उचलायला गेले तर कपाला हात लाववंना, बर्फाची लादी. माझ्याच हातून गॅस बारीक राहिला असंल. म्हातारपणाला काय, सगळं त्याच्या अंगावर ढकलता येतं.

मग बाबांनी विचारलं, "सगळे निघाले. बन्सी कधी निघणार?"

आधी मला कळंनाच. मग उमजलं, कबरस्तानाचं बोलतायत. नवा रस्ता आपल्या कबरस्तानावरून जाणार, टेकडीपलीकडं नवी जागा मिळालीय, आणि कुंपणाच्या आतल्या सगळ्यांना उचलून तिकडं नेतायत, हे तूच मागं लिहिलंस. आपला बन्सी कुंपणाबाहेर. त्याच्यासाठी तू हाक मारणार नाय, हे बी तूच लिहिलंस.

वाडीची रीत मी तुला काय सांगू. घरात उरलेल्या थोरल्यानं नाव घेऊन उठवल्याबिगर कबर उघडायची नाय, झोपलेला दचकतो. ज्याचं कुणी उरलं नाय त्याला चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या माणसानं उठवायचं. पण भावंडांत धाकट्यानं थोरल्याला उठवायचं नाय. बन्सी तुझ्या पाठचा, मी त्याच्या पाठची. माझी हाक चालत असती तर कडुबा कंडक्टरच्या बाजूच्या सीटवर बसून कालच आले असते. झावळ्यांच्या रविवारानंतर, ईस्टरच्या आठवड्यात, मशीन येणार म्हणतात. मशीन काय कुणाचं नाव घेत नाय, अक्का. बन्सी तसाच गाड्यांच्या खाली राहील.

तुला फोनवर ऐकू येत नाय म्हणून लिहायला बसते, नायतर तिसरी शिकलेल्या बाईनं एवढा कागद भरला असता का. कडुबाच्या हाती देते, वैजापूरच्या दुपारच्या गाडीनं. त्याला भाकरी खाऊ घाल, पोरगं वाळलंय.

आता सलाम.

तुझी द्वारका


वाडी, ता. वैजापूर
शुक्रवार, २१ मार्च

चि. द्वारकेस सलाम.

पत्र मिळाले. कडुबाने भाकरी खाल्ली, वर दोन कांदे पिशवीत टाकून नेले.

वाडीतून तुझ्याकडे कोणीही गेलेले नाही. सगळे कांदा काढायला लागलेत, कोणाला फुरसत आहे? तुला कोणीतरी फसवले. कपाटाचे कुलूप बघ. अभयला सांग आणि दुपारी अनोळखी माणसाला दार उघडू नकोस. शहरात राहून इतकी वर्षे झाली तरी तुझी अक्कल अजून वाडीच्या ओट्यावरच बसलेली आहे.

आता बन्सीचे. तू विचारतेस म्हणून एकदाच लिहिते. तो वेरूळला दुकानदारांसाठी दगडाच्या मूर्ती घडवायचा. मंडळीतल्या माणसाने मूर्ती घडवावी का, यावर पंचांनी त्याला समोर बसवून समज दिली, एकदा नव्हे. तो हसून म्हणाला, "दगडाला पोट नसतंय दाजी, मला आहे." आमचे हे पंचांचे प्रमुख. स्वतःच्या मेहुण्याला सूट दिली तर मंडळी तोंडावर थुंकली असती. त्याला मंडळीबाहेर काढला. पुढे खाणीत दरड त्याच्या अंगावर आली तेव्हा बाहेर काढलेल्याला कुंपणाबाहेरच पुरला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. पण शब्द फिरवला नाही, आणि तोच शब्द घेऊन ते स्वतः कबरेत गेले.

आता मी बन्सीला हाक मारली तर ह्यांनी केले ते चूक होते, असे मी मेलेल्या माणसाला तोंडावर सांगितल्यासारखे होईल. पन्नास वर्षे ज्याचे घर केले त्याला मी खोटा पाडणार नाही. विषय संपला.

त्या बाईने काय नेसले होते? आणि कोट कसला होता?

भानुमती


पुंडलिकनगर
बुधवार, २६ मार्च

अक्काला सलाम.

कपाटाचं कुलूप बघितलं. सगळं जागेवर आहे, तुझ्या लग्नातला माझा परकर सुद्धा, जो आता मोनिकाच्या मांडीत बी शिरायचा नाय.

पांढरं लुगडं, बिनकाठाचं. खांद्याला शिवलेली झोळी. एका कानाची पाळी फाटलेली, दुसऱ्या कानात काय नाय. कोट काळा, लोकरीचा, मार्च महिन्यात. त्याचं एक बटन बाकीच्यांपेक्षा वेगळं, पितळेचं. आता म्हणू नको की मोतीबिंदूवालीला बटन कसं दिसलं. चांगला डोळा मी बटनाकडं ठेवला होता. माणसाचं घर कसंय ते बटनावरून कळतं.

काल परत आले. मी तुझं ऐकून दार लावून, कडी घालून बसले होते, खरंच. पण बघते तर दोघं गादीवर. मोनिका म्हणती, आजी, तू कडी काढली असशील आणि विसरली. असंल बाई. तिनं दारावर कॅमेरा लावलाय, तो मोबाईलमधी दिसतो. तिनं मला दाखवलं, त्यात मी एकटीच "या, या" म्हणतेय आणि पायपुसणं आपलं आपण सरकतंय. तिनं ते तीनदा परत लावून बघितलं. मी म्हटलं अगं कॅमेरा स्वस्तातला, त्याला म्हातारी माणसं दिसत नसतील. मग तिनं केरसुणी घेतली. गादीखाली ओंजळभर काळी माती निघाली, खोल खणल्यावर निघते तशी, ओलसर. पुंडलिकनगरात काळी माती कुठनं आली? तिनं ती कुंडीत टाकली. तिथं मोगऱ्याला कळ्या आल्यात, वाळलेल्या मोगऱ्याला.

तर बोलणं काय झालं ते सांगते. मी त्यांना तुझं म्हणणं सांगितलं, जसंच्या तसं, दाजींच्या न जेवण्यासकट. बाबांनी मान हलवली. बाईंनी झोळीतून काय काढलं नाय, तोंडानंच सांगायला लागल्या. त्या यहेज्केल संदेष्ट्याचं. देवानं त्याला एका खोऱ्यात नेऊन उभं केलं, खोरं हाडांनी भरलेलं, आणि हाडं वाळून खडखडीत. देव विचारतो, ही जगतील का? संदेष्टा शहाणा, तो म्हणला प्रभू, तुलाच ठाऊक. मग त्यानं देवाच्या सांगण्यावरून हाडांना हाक मारली. हाक, अक्का. आपल्या वाडीच्या रीतीसारखी. आणि खडखड आवाज करत हाड हाडाला लागलं, मांस चढलं, वारा आला आणि सगळं उठून उभं राहिलं.

हे सांगताना बाईंचा आवाज असा येत होता, जसं कुणी आडात वाकून बोलतंय. माझ्या अंगावर काटा आला पण उठवंना, इतकं गोड सांगत होत्या.

मग म्हणाल्या, "द्वारका, त्या खोऱ्यात कुंपण होतं का?"

मी म्हटलं शास्त्रात तर लिहिलेलं नाय.

"संदेष्ट्यानं हाडं निवडली का? ही नियम पाळणाऱ्याची, ही मोडणाऱ्याची?"

मी म्हटलं, नाय.

मला शास्त्रातलं तुझ्याएवढं येत नाय. तू मिशनच्या शाळेत सातवी झालेली. तूच उत्तर दे, मी त्यांना सांगते. काय लाजू नको, कडक दे. मला बी बघायचंय कोण जिंकतंय.

द्वारका


वाडी
शनिवार, २९ मार्च

द्वारके,

पत्र वाचले. आता लिहिते ते शांत डोक्याने वाच आणि मोनिकाला जवळ बसवून वाच.

फाटलेल्या पाळीची बाई म्हणजे सगुणाबाई. बायबलबाई. घरोघर फिरून बायांना शास्त्र सांगायची. मी तिच्या मांडीवर बसून अक्षरे शिकले. तू जन्मली नव्हतीस तेव्हा ती गेली. पितळेचे बटन म्हणजे तुळाजी उपदेशक. त्याचे तुटलेले बटन आपल्या आईने शिवले होते, मिळाले ते लावले. तोही तेव्हाच गेला, त्याच तापाच्या साथीत.

त्या दोघांना उचलायला कोणी उरले नव्हते म्हणून मंडळीने मला पुढे केले. १७ तारखेच्या सोमवारी मी त्यांना हाक मारली. मंगळवारी ते तुझ्या दारात आले.

मी हे मंडळीच्या पाळकांना सांगितलेले नाही. कोणालाच नाही. तू पुन्हा त्यांच्याशी बोलू नकोस. प्रार्थना कर आणि घर सोडून शेजारी जाऊन बस.

पण उत्तर मागितलेस म्हणून देते, कारण सगुणाबाईनेच मला शिकवले की विचारलेल्याला उत्तर द्यावे. ते खोरे म्हणजे दृष्टांत होता. हाडे म्हणजे इस्राएल, देश सोडून दूर पडलेले लोक, ज्यांची आशा वाळली होती. देवाने त्यांना परत आणीन म्हणून वचन दिले. ते वचन राष्ट्राला आहे. वेरूळच्या एका हट्टी माणसाला नव्हे. आणि यिर्मयाने नव्या कराराचे सांगितले ते मला पाठ आहे. देव म्हणतो, मी माझे नियम त्यांच्या काळजावर लिहीन आणि त्यांचे पाप पुन्हा आठवणार नाही. पण करार म्हटला की दोन बाजू आल्या. देवाने त्याची पाळली. बन्सीने त्याची कुठे पाळली? पश्चात्ताप केला असता तर ह्यांनी स्वतः त्याला हाताला धरून प्रभुभोजनाला बसवले असते. तो हसला.

हे सांग तिला. म्हणावे, भानू विचारते.

आणि एक. ते दोघेच होते का? आणखी कोणी सोबत नव्हते? खाली, जिन्यात, कुठे? नीट आठवून लिही. परवा मी ह्यांना हाक मारणार आहे.

भानुमती


पुंडलिकनगर
गुरुवार, ३ एप्रिल

अक्काला लई लई सलाम.

तुझं पत्र मोनिकाला वाचायला दिलं. तिचा चेहरा पांढरा फटक. म्हणाली आजी, चल, काही दिवस माझ्या मैत्रिणीकडं राहू. मी म्हटलं बाळा, मेलेले असले तरी पाहुणे ते पाहुणे. वाडीहून उन्हातान्हात येणाऱ्या माणसाला घर बंद दिसावं, हे आपल्यात नाय. आणि मला सांग, वर्षानुवर्षं रविवारी देवळात उभी राहून मी "शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवते" असं म्हणते. मग त्यातलं कुणी दारात आलं तर दार लावून घेऊ? मग ते म्हटलं कशाला?

तरी रात्रभर झोप लागली नाय, हे तुला सांगते. मोनिकाला सांगितलं नाय.

काल मी कडी घातलीच नाय. दुपारी कूलर थांबला, तसं मी समजले. गल्लीतलं ते लाल कुत्रं, जे पोस्टमनला बी सोडत नाय, ते पोटावर पडून कूं कूं करायला लागलं. आता नावानं बोलवायची सोय झाली होती. मी म्हटलं सगुणामावशी, भानू विचारते, आणि तुझं सगळं वाचून दाखवलं, माझ्या अडखळत्या वाचनानं. तुझं पाठांतर ऐकून त्यांना इतका आनंद झाला, म्हणाल्या, एक शब्द चुकली नाय पोरगी. अक्का, तू त्र्याऐंशीची, तुला पोरगी म्हणणारं कुणीतरी उरलंय बघ.

मग त्यांनी माझा हात धरला. हात कसा, वाळल्या कडब्यासारखा, हलका आणि करकरीत. म्हणाल्या, "भानूला सांग, जुना करार दगडावर लिहिला होता. त्याला खरंच दोन बाजू होत्या, म्हणून तो मोडला. नव्याला बी दोन बाजू आहेत. पण दोन्हीकडं अंगठा एकाचाच आहे. आपल्या बाजूचा अंगठा प्रभूनं उठवला, आणि शाई त्याच्या रक्ताची. म्हणून त्याला कृपेचा करार म्हणायचं. आपण पाळला म्हणून तो टिकत नाय. त्यानं पाळला म्हणून टिकतो."

मी म्हटलं, अंगठ्याचं मला बरोबर कळलं, मी बी बँकेत लई दिवस अंगठाच उठवला.

मग तुळाजीबाबा बोलले. ते म्हणाले, संदेष्ट्यानं आणखी एक सांगितलंय, दगडाचं काळीज काढून मांसाचं देईन. बन्सी दगड घडवत होता म्हणून आपल्या मंडळीनं त्याला काढलं. आपली काळजं कशाची होती ते कुणी बघितलं नाय. असं म्हणताना त्यांच्या कोटाच्या बाहीतून माती सांडत होती, बारीक, जशी चाळणीतून पडावी.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंस म्हणून सांगते, नायतर मी सांगणार नव्हते, कारण मला पक्कं नाय.

ते निघाले तसं मी गॅलरीतून खाली बघितलं. खाली फाटकापाशी आणखी एक माणूस होता. पाठमोरा. छत्री सदऱ्याच्या कॉलरला मागं अडकवलेली. सोसायटीच्या कडुलिंबाला आळं केलंय, त्याच्या विटा पोरं लाथाडून वाकड्या करतात. तो वाकून एक एक वीट सरळ लावत होता. सगळ्या लावून झाल्या की परत पहिल्यापासून. मी वरून म्हटलं, भाऊ, वर या की, ऊन आहे. तो हलला नाय. मी जिना उतरायला लागले तर मावशी जिन्यात मधीच थांबल्या होत्या. म्हणाल्या, त्यांना आत बोलावलंय, वरून बी बोलावलंय, देवानं सुद्धा. तेच येत नायत. म्हणतात, मी ज्याला बाहेर ठेवला तो बाहेर असताना मी कोणत्या तोंडानं आत जाऊ.

मी तोंड बघितलं नाय, अक्का. माझा डोळा असला. तूच बघ, कोण असंल ते.

द्वारका

ता. क. मोगरा फुलला. मोनिका त्याच्या जवळ जात नाय.


वाडी
मंगळवार, ८ एप्रिल

द्वारके,

तुझे पत्र कडुबाने दिले तेव्हा मी भाकरी थापत होते. विटांपर्यंत वाचले. तवा जळाला तरी मला कळले नाही.

आमच्या अंगणातली चूल, देवळाची पायरी, बैलांच्या गव्हाणी, कुठेही वीट वाकडी दिसली की हे सरळ करायचे. शेवटच्या आजारात पलंगावरून बोट करून मला सांगायचे, ती बघ, ती हलली. मी ह्यांना गेल्या आठवड्यात सोमवारी हाक मारली होती. मनात होते की माझ्या हाकेने निदान तुझ्या घरापर्यंत तरी येतील, दोन घटका बसतील, मी कशी आहे ते विचारतील. आणि हे उन्हात उभे आहेत.

ज्यांचा शब्द मी राखत बसले, ते स्वतः तो शब्द टाकून बाहेर येऊन उभे राहिले, आणि मी आत.

मी काल गेले. पाळकांना सांगितले नाही. खांदणारी माणसे कुंपणाच्या कोपऱ्यात डबा खात बसली होती. मी त्यांना म्हटले, बाहेर एक राहिला आहे. त्यातला एक म्हणाला, आजी, बाहेरचा तर कोणी लिहून दिलेला नाही. मी म्हटले, मी देते. कुंपणाच्या तारेखालून मला वाकता येईना, तेव्हा त्यांनीच तार कापली. तिथे काही खूण नाही, तरवडाचे झुडूप आहे. मी ती जागा कधी विसरले नव्हते, हे मला तिथे गेल्यावर कळले. पाय आपोआप थांबले.

तोंडातून नाव निघेना. पन्नास वर्षे न घेतलेले नाव गंजते. मग घेतले. म्हटले, बन्सी, ऊठ बाबा. जागा बदलायची आहे. आपल्यात चल.

द्वारके, मला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. देवळाची घंटा ऐकू येत नाही. नातवंडे कानाशी ओरडतात ते ओठ बघून कळते. पण मला "ओ अक्का" ऐकू आले. पायाखालून. झोपेतून उठवल्यावर कुरकुरायचा तशा आवाजात. मी खांदणारांना विचारले, ऐकले का? त्यांनी मान हलवली, नाही. पण एकाने टिकाव खाली ठेवला आणि तो थोडा वेळ उचललाच नाही.

जास्त काही निघाले नाही. जे निघाले ते मी माझ्या पांढऱ्या लुगड्यात घेतले आणि नव्या जागेपर्यंत ट्रॅक्टरमध्ये मांडीवर धरून नेले. ह्यांच्या शेजारी जागा मोकळी होती. ती माझ्यासाठी राखली होती. तिथे त्याला ठेवले.

त्यानंतर पुन्हा काही ऐकू आले नाही. आता घरात इतके शांत आहे की मला माझाच श्वास ऐकू आल्यासारखा वाटतो. तो माझाच असावा. खात्री नाही.

ते आले का? लगेच लिही.

तुझी अक्का


पुंडलिकनगर
गुरुवार, १० एप्रिल

माझ्या लाडक्या अक्काला, सगळ्यात मोठा सलाम.

आले. काल दुपारी आले, आणि घरात जागा पुरंना.

पहिल्यांदा सगुणामावशी. मग तुळाजीबाबा. मग दाजी, अक्का, दाजी, छत्री दाराबाहेर नीट टेकवून, चपला सरळ लावून. मी पदर घेतला, जसा माझ्या लग्नानंतर त्यांच्यापुढं पहिल्यांदा घेतला होता. ते गादीवर बसले नाय, गादीचा कोपरा सरळ केला आणि मग बसले. मला हसू यायला लागलं, आणि रडू बी. दोन्ही एकदम येतं ते फक्त म्हातारपणी.

आणि सगळ्यांच्या मागं तो. दारातच थांबला, लाजत. अक्का, तो किती लहान आहे गं. मी आपलं मनात मोठा भाऊ धरून बसले होते, आणि दारात अभयपेक्षा लहान पोरगं. दाट केस, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. मला बघून म्हणाला, "छोटे, तू म्हातारी झालीस?" मी म्हटलं, व्हय रे दादा, तू नाय झालास म्हणून मला दोघांच्या वाटचं व्हावं लागलं. तो हसला. तेच हसणं, ज्याच्यापायी सगळं झालं. दाजी बी हसले. त्यांनी सरकून शेजारी जागा केली आणि हातानं गादी थोपटली, ये म्हणून. बन्सी आत आला. उंबऱ्यावर त्याचा पाय पडला तसा घरातला एक एक दिवा आपोआप लागला, भर दुपारी, आणि मोगऱ्याचा वास इतका सुटला की डोकं गरगरलं.

मला भ्या वाटलं का, विचारशील तर वाटलं. चौघंही माझ्याकडं बघत होते, आणि पापणी कुणाचीच लवत नव्हती. पण भ्याच्या वर आनंद होता, दुधावर साय असते तसा. मी म्हटलं शास्त्रातलं आणखी सांगा, तर मावशी म्हणाल्या आता सांगायचं काय राहिलं नाय. यिर्मयानं म्हटलंय, तेव्हा कुणी कुणाला शिकवायला लागणार नाय, लहान-थोर सगळेच त्याला ओळखतील. आणि त्या आपल्या झोळीवर हात ठेवून निवांत बसल्या, शाळा सुटलेल्या मास्तरणीसारख्या.

दाजींनी तुझं विचारलं. पहिला प्रश्न तोच. मी सांगितलं, कान गेलेत पण बाकी ठणठणीत आहे, एकटी भाकरी करते, ट्रॅक्टरवर चढते. त्यांनी खाली बघितलं. बन्सी म्हणाला, अक्कानं माझ्यासाठी स्वतःची जागा दिली, आता ती कुठं राहील? दाजी म्हणाले, आपण सरकून बसू.

त्याच वेळेला मोनिका आली, बँकेतून लवकर सुटून. दारात उभी राहिली. तिला कुणी दिसलं नाय, पण तिनं सलाम घातला, अक्का. रिकाम्या गादीला, हात जोडून. "सगळ्यांना सलाम," म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि किती जणांचा चहा टाकू विचारलं. माझी नात ती.

निघताना मी जिन्यापर्यंत गेले. खाली लाल कुत्रं शेपूट हलवत होतं. मी दाजींना म्हटलं, अशी काय घाई, परत कधी यायचं? त्यांनी छत्री कॉलरला अडकवली. म्हणाले, येणार, पण आता इथं नाय. तिच्याकडं. चौघंही. मी म्हटलं मग तिला आधी कळवते, तिला झाडलोट करायला वेळ पाहिजे. ते म्हणाले, झाडलोट नको, नुसतं दार उघडं ठेव म्हणावं, आणि तुला ऐकू येईल म्हणावं.

कडुबा खाली गाडीचा खोळंबा करून उभा आहे, म्हणून थांबते. घरीच रहा, अक्का, कुठं जाऊ नको. शनिवारी दुपारी येतो म्हणाले.

तुझी द्वारका